नवदांपत्याचा सिंगापूर प्रवास : सुनेच्या नावाचे कार्ड

लग्नसराई आटोपली की मोंढ्यातील आडत दुकानांत आणि कापडाच्या पेढ्यांवर एक नवी चर्चा हल्ली ऐकू येते. पूर्वी नवदांपत्य शिखरजी, पालीताणा किंवा जवळच्या कुंथलगिरीचे दर्शन घेऊन, फार तर महाबळेश्वर पाहून परत येत असे. आता मुखेडसारख्या तालुक्याच्या गावातूनही सिंगापूर, बँकॉक, दुबईची तिकिटे काढली जातात. त्यात वावगे काही नाही. मात्र लग्नाच्या याद्या महिनोन्महिने करणारी घरे या प्रवासाची तयारी आठ दिवसांत उरकतात आणि ती सगळी ट्रॅव्हल एजंटच्या हवाली करतात.

अशा प्रवासाविषयी जे मार्गदर्शन छापून येते, ते बहुधा अमेरिकन नवदांपत्याला समोर ठेवून लिहिलेले असते. अमेरिकन पासपोर्टधारकाला सिंगापूरच्या ९० दिवसांपर्यंतच्या भेटीसाठी व्हिसा लागत नाही. भारतीयाला तो निघण्यापूर्वीच घ्यावा लागतो. सूर्यास्तापूर्वी जेवण कोठे मिळेल, हा प्रश्न त्या मार्गदर्शनात उद्भवतच नाही. तरीही त्यातील एक सूचना मुखेडलाही जशीच्या तशी लागू पडते : तिकिटावरील नाव पासपोर्टवरील नावाशी अक्षर न् अक्षर जुळले पाहिजे. लग्नानंतर आडनाव बदलणाऱ्या अमेरिकन वधूची जी अडचण होते, तीच आपल्याकडील सुनेचीही होते. लग्नपत्रिकेत तिचे नाव बदलते, सासरी हाक मारण्याचे नावही कधी नवे असते आणि तिकीट काढताना दीर किंवा सासरे तेच नवे नाव सांगतात. पासपोर्ट मात्र माहेरच्या नावाचा असतो.

यावरचा उपाय सोपा आहे. नाव बदलायचेच असेल, तर ते परत आल्यावर बदलावे. प्रवासासाठी माहेरच्या नावाचा पासपोर्ट पूर्णपणे चालतो. त्याची मुदत मात्र सहा महिन्यांहून अधिक शिल्लक असावी. याच काळात आधारवरील नाव बदलण्याची घाई करणे तर फारच अडचणीचे ठरते. पासपोर्टवर एक नाव, पॅनवर एक आणि आधारवर तिसरे, असा गुंता झाला की बँकेतील साधे काम अडते. विवाह नोंदणी मात्र लगेच करावी. महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्यानुसार विवाहाचे ज्ञापन ९० दिवसांत द्यायचे असते आणि मुखेडकरांसाठी नगर परिषद हाकेच्या अंतरावर आहे. पासपोर्टवर पतीचे नाव नसलेल्या सुनेजवळ नाते दाखविणारा तोच एक अधिकृत कागद असतो. त्याची एक प्रत तिच्या पर्समध्ये असावी.

आता पैशाकडे वळू. व्यापारी घरांतील खरी चूक येथेच होते.

बहुतेक घरांत प्रवासाचा सगळा पैसा मुलाच्या नावाच्या एकाच कार्डावर भरला जातो. दोघांचे पासपोर्ट त्याच्याच बॅगेत असतात. बँकेत नोंदविलेला मोबाइल क्रमांक दुकानाचा असतो, म्हणजे प्रत्येक व्यवहाराचा ओटीपी मुखेडच्या गादीवर मुनीमजींच्या फोनवर येतो. सगळे सुरळीत असते तोवर ही व्यवस्था कोणाला खटकत नाही. पण समजा, तिसऱ्या दिवशी मुलाला तापाने घेरले. सिंगापुरात डेंग्यू असतो. शहर स्वच्छ आहे म्हणून डास नाहीत असे नाही. त्याला रुग्णालयात दाखल करावे लागले आणि अनामत रक्कम मागितली गेली. लग्नाला जेमतेम वीस दिवस झालेली मुलगी परक्या शहरात उभी आहे. कार्ड तिच्या नावाचे नाही, पिन तिला ठाऊक नाही. तेथे रात्रीचे दोन वाजले असतील, तर मुखेडला साडेअकरा झालेले असतात आणि दुकानाचा फोन दुकानातच असतो. त्या रात्री तिच्या बाजूने कोण उभे राहणार? सासरच्यांची माया कितीही असली, तरी ती तिच्यापर्यंत पोहोचण्यास सकाळ उजाडते.

म्हणून प्रत्येकाचे फॉरेक्स कार्ड वेगळे आणि स्वतःच्या नावाचे असावे. एकूण रकमेचा निम्मा, निदान तिसरा हिस्सा तरी सुनेच्या कार्डावर असावा, पिन तिचा तिलाच ठाऊक असावा आणि नोंदविलेला क्रमांक तिच्याजवळच्या, परदेशात चालू राहणाऱ्या सिमचा असावा. लग्नात आलेला रोख आहेर तिच्या खात्यात भरून त्यातूनच हे कार्ड घेतले, तर हिशेबही स्वच्छ राहतो. विवाहानिमित्त मिळालेल्या भेटींवर वधूवरांना प्राप्तिकर लागत नाही. आहेराची वही मात्र जपून ठेवावी. काही सासूबाईंना हे सगळे ‘आतापासूनच वेगळे खाते’ असे वाटते. ती समजूत चुकीची आहे. पेढीच्या तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन माणसांकडे असतात, त्या अविश्वासापोटी नव्हे. एक जण गावाला गेला तरी तिजोरी उघडता यावी म्हणून असतात.

घरचे डेबिट कार्ड सोबत नेणार असल्यास, परदेशातील वापर त्यावर सुरू आहे की नाही ते आधी पाहावे. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या निर्देशांनुसार नवे कार्ड केवळ देशांतर्गत वापरासाठीच सुरू करून मिळते. तेथील दुकानात यंत्रावर ‘रुपयांत की सिंगापूर डॉलरमध्ये?’ असा प्रश्न आला, तर नेहमी डॉलर निवडावा. रुपयांचा आकडा ओळखीचा वाटतो, पण त्यातील विनिमय दर दुकानदाराच्या बँकेचा असतो आणि तो महागच पडतो.

रोख किती न्यावी? एका प्रवाशाला एका प्रवासासाठी ३,००० अमेरिकन डॉलर किंवा तेवढ्या मूल्याच्या परकीय नोटा घेता येतात. सिंगापूरसाठी याच्या दशांशानेही काम भागते. ५०,००० रुपयांहून अधिक मूल्याचे परकीय चलन रोख रुपये देऊन विकत घेता येत नाही. खात्यातूनच पैसे द्यावे लागतात. आणि हे खाते व्यक्तीचेच असावे. उदारीकृत प्रेषण योजनेत प्रत्येक निवासी व्यक्तीला आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत मुभा आहे, पण ती भागीदारी फर्मला किंवा हिंदू अविभक्त कुटुंबाला नाही. आपल्याकडे ‘फर्ममधूनच भरून टाका, नंतर नावे टाकू’ ही सवय जुनी आहे. मुलाच्या मधुचंद्राचा खर्च हा व्यापाराचा खर्च होत नाही, हे मुनीमजींना पुन्हा एकदा सांगून ठेवावे. ‘इकडे रुपये द्या, तिकडे डॉलर मिळतील’ असे सांगणारा एखादा परिचितही भेटतो. तो हवाला होय. १९९९ च्या परकीय चलन व्यवस्थापन कायद्यात अशा व्यवहाराला रकमेच्या तिपटीपर्यंत दंड आहे.

दागिन्यांचा मोह लग्नानंतर स्वाभाविक असतो; छायाचित्रांत हार आणि पाटल्या दिसाव्यात असे घरच्यांनाही वाटते. तथापि एक मंगळसूत्र आणि कानातले एवढ्यावर थांबणे उत्तम. अधिक न्यायचेच असेल, तर निघताना विमानतळावरील सीमाशुल्क अधिकाऱ्याकडून निर्यात प्रमाणपत्र घ्यावे, म्हणजे परतताना ‘हे सोने तिकडे घेतले का?’ या प्रश्नाला उत्तर असते. परदेशातून येताना दागिन्यांवर मिळणारी शुल्कसवलत वर्षाहून अधिक काळ परदेशी राहिलेल्यांसाठी आहे. आठ दिवसांच्या प्रवाशांसाठी नाही.

फराळाचा डबा प्रत्येक घरातून जातोच आणि जावाच. खाखरा, कोरडी चटणी, शेव, भाजलेले पोहे यांनी अडचणीची वेळ निभावते. मात्र त्यात खसखस असता कामा नये. सिंगापुरात खसखशीवर बंदी आहे. संयुक्त अरब अमिरातीतही तिच्यामुळे भारतीय प्रवासी अडचणीत आले आहेत. ज्या घरांत बहुबीज म्हणून खसखस आधीच वर्ज्य आहे, त्यांचा प्रश्न मिटला. परंतु आहेरात आलेल्या बाहेरच्या मिठाईवर किंवा तयार मसाल्यात ती असू शकते, हे पाहावे. खोकल्याची कोडीनयुक्त औषधे आणि झोपेच्या गोळ्या यांनाही तेथे पूर्वपरवानगी लागते.

याहून गंभीर बाब दुसऱ्याच्या पुड्याची. ‘सिंगापूरला निघालातच, तर आमच्या भाच्याला एवढा डबा द्या’ असे म्हणणाऱ्याला आपल्या समाजात नाही म्हणणे जड जाते. तरीही नाही म्हणावे. तेथे १५ ग्रॅमहून अधिक शुद्ध हेरॉइनच्या तस्करीला फाशीची शिक्षा आहे आणि ‘आत काय आहे ते ठाऊक नव्हते’ हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवरच येतो. ओळख कितीही जुनी असो, बॅग स्वतः भरलेली असावी आणि शेवटपर्यंत स्वतःच्या हाती असावी.

भोजनाच्या बाबतीत सिंगापूर हे युरोपपेक्षा खूप सोयीचे. विषुववृत्ताला लागून असल्याने तेथे सूर्य वर्षभर सातच्या आसपास उगवतो आणि सातच्या आसपासच मावळतो. जूनमध्ये पॅरिसला तो दहाच्या सुमारास मावळतो. चौविहार पाळणाऱ्यांना दिवसाचे गणित मांडणे त्यामुळे सोपे जाते आणि नवकारशीनंतरही हॉटेलची न्याहारी सुरू असते. नाइट सफारी सव्वासातला सुरू होते, म्हणून त्या दिवशी आधीच जेवून निघावे. सेरंगून रस्त्यावरील लिटल इंडियात शाकाहारी उपाहारगृहे पुष्कळ आहेत. १९४७ पासूनचे कोमला विलास त्यांतलेच. पण शाकाहारी म्हणजे जैन नव्हे. सांबारात कांदा असतोच. तेव्हा मागविण्यापूर्वी विचारावे. चिनी बौद्ध शाकाहारी भोजनालयांत कांदा-लसूण नसतो, मात्र कंदमुळे आणि अळंबी सर्रास असतात. विमानात जैन जेवणासाठी ‘व्हीजेएमएल’ हा संकेत तिकिटावर आधीच नोंदवावा लागतो. ‘हिंदू शाकाहारी’चा संकेत वेगळा आहे, आणि एजंट घाईत तोच टाकून देतात. नळाचे पाणी पिण्यायोग्य आहे. उकळलेलेच पिणाऱ्यांना हॉटेलच्या खोलीतील किटली पुरते. सिंगापूर जैन रिलिजस सोसायटी ही तेथील समाजाची संस्था आहे. दर्शनाची इच्छा असल्यास आधी कळवून जावे. तिला धर्मशाळा मात्र समजू नये.

मुखेडकरांनी मुंबईपेक्षा हैदराबादहून निघणे श्रेयस्कर. देगलूरमार्गे रस्ता सरळ आहे आणि विमानाचा प्रवासही चार-साडेचार तासांचा. लग्नसराईनंतरचे डिसेंबर-जानेवारी हे तेथील सर्वाधिक पावसाचे दिवस असतात, हे ध्यानात घेऊन छत्री सोबत ठेवावी. पोहोचण्याच्या तीन दिवस आधीपासून आगमनपत्र ऑनलाइन भरता येते. ते निःशुल्क आहे, त्यासाठी पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांवर कार्डाचा क्रमांक देऊ नये. मेट्रोत खाण्यापिण्यास ५०० डॉलरपर्यंत दंड आहे. पाण्याची बाटलीही उघडू नये. च्युइंगमच्या आयातीवर १९९२ पासून बंदी आहे. रुग्णवाहिकेसाठी ९९५ आणि पोलिसांसाठी ९९९ हे क्रमांक दोघांनीही फोनमध्ये टिपून ठेवावेत. पासपोर्ट हरवल्यास प्रथम पोलिसांत तक्रार द्यावी आणि तिची प्रत घेऊन ग्रेंज रस्त्यावरील भारतीय उच्चायुक्तालयात जावे. प्रवास विमा दोघांचा, पुरेशा वैद्यकीय रकमेचा आणि निघण्यापूर्वीच घेतलेला असावा. त्याची प्रत सुनेच्या माहेरीही द्यावी.

खरेदीची एक बाब व्यापाऱ्यांना विशेष आवडेल. सिंगापूरचा वस्तू व सेवा कर ९ टक्के आहे आणि एका दुकानातील किमान १०० डॉलरच्या खरेदीवर तो पर्यटकाला विमानतळावर परत मागता येतो. त्यासाठी खरेदी करतानाच पासपोर्ट दाखवावा लागतो.

परतल्यावर उरलेले परकीय चलन १८० दिवसांच्या आत बँकेला द्यावे; २,००० डॉलरपर्यंतच्या नोटा पुढील प्रवासासाठी ठेवता येतात, नाण्यांना मर्यादा नाही. सहलीचे पॅकेज घेताना एजंटने स्रोतावर वसूल केलेला कर ज्याच्या पॅनवर दाखविला असेल, त्याच्याच विवरणपत्रात त्याचे श्रेय मिळते. सुनेचा खर्च तिच्या खात्यातून झाला असेल, तर तो कर तिच्याच पॅनवर दिसतो का, हे २६-एएस उघडून जुलैपूर्वी पाहून घ्यावे.