कडक म्हणजे मजबूत नव्हे

जुन्या मोटारसायकलींच्या शौकीन मंडळींत एक अंधश्रद्धा ठाण मांडून बसली आहे. मागची स्प्रिंग जितकी कडक, तितकी गाडी मजबूत! ही श्रद्धा बाळगणारे गृहस्थ अडाणी नव्हेत. नुसत्या आवाजावरून ते गाडीची कुळकथा सांगतील. टाकीवरची सोनेरी रेघ सुतभर जाड झाली तर त्यांना अन्न गोड लागत नाही. पण मागच्या शॉकअपची कडी कोणत्या पायरीवर ठेवली आहे म्हणून विचारावे, तर उत्तर येते, "शेवटच्या! दुसरीकडे कुठे ठेवायची?" माझे भांडण या उत्तराशी आहे, कारण त्याची किंमत उत्तर देणारा एकटा मोजत नाही.

थोडा इतिहास आठवावा. दुसऱ्या महायुद्धापर्यंत बहुतेक मोटारसायकलींचे मागचे चाक चौकटीला ताठ जखडलेले असे. रस्त्याचा धक्का सोसायचा तो सीटखालच्या स्प्रिंगांनी आणि स्वाराच्या मणक्यांनी. 1949 साली रॉयल एन्फील्डची बुलेट मागच्या झुलत्या फाट्यासह आणि तेलाच्या शॉकअपसह विक्रीला आली. 1955 साली तिच्यासाठी मद्रासला कंपनी निघाली आणि पुढे ती आपल्या घरचीच झाली. जे जोखड अभियंत्यांनी अशा रीतीने उतरवले, ते आपण पाना मारून पुन्हा मानेवर घ्यावे, याला काय म्हणावे?

मुळात ही कडी स्प्रिंग कडक करतच नाही! एक साधा हिशेब करा. एखादी स्प्रिंग सेंटिमीटरभर दबायला 10 किलो वजन लागते असे धरू. कडी फिरवून ती आधीच एक सेंटिमीटर दाबून ठेवली, तर पहिल्या 10 किलोंना ती दाद देणार नाही. पण त्यापुढच्या प्रत्येक सेंटिमीटरला तेच 10 किलो! बदलते ती गाडीची उंची. स्प्रिंगचा स्वभाव तोच राहतो.

चाकाला जाणवणारा ताठपणा खरोखर बदलायचा असेल, तर व्हेलोसेटकडे पाहावे. बर्मिंगहॅमच्या या कारखान्याने 1953 च्या एम. ए. सी. गाडीवर शॉकअपची वरची टोके कमानदार खाचेत सरकवण्याची सोय केली. कल्पना फिल अर्व्हिंग या ऑस्ट्रेलियन अभियंत्याची. टोक पुढे सरकवून शॉकअप कलता केला की एकट्यासाठी मऊ. मागे सरकवून उभा केला की दोघांसाठी ताठ. म्हणजे तरफेचा हिशेबच बदलला. ज्या कारखानदाराने एवढी यातायात केली, त्याला एकच जागा सर्वांना पुरेल असे वाटत नव्हते, हे तरी ध्यानात घ्या!

"पण आमच्या रस्त्यांवर खड्डे किती!" असा बिनतोड समजला जाणारा मुद्दा मग पुढे येतो. खड्डे आहेत म्हणूनच मी सांगतो. चाकाला जसे वर चढायला, तसे खाली उतरायलाही अंतर लागते. कडी शेवटच्या पायरीवर आणि वर हलका स्वार, म्हणजे फाटा जवळजवळ पूर्ण खाली उतरलेलाच. खड्डा आला की चाकाला उतरायला जागा नाही. ते अधांतरी राहते. अधांतरी चाकाला ब्रेक लावून काय उपयोग? आणि त्या चाकाच्या बरोबर वर कोण बसलेले असते? बायको, नाहीतर शाळेला निघालेले पोर. मजबुतीची हौस तुमची आणि कंबर त्यांची!

शॉकअपमधले तेल गळून गेले तरी उपाय तोच, कडी आणखी चढवा! उसळी जिरवते ते तेल. स्प्रिंग फक्त वजन पेलते. तेल संपलेल्या शॉकअपची कडी आवळणे म्हणजे ताप आला म्हणून पागोटे घट्ट बांधणे होय.

आणि खरे काम तरी केवढे? गाडी मधल्या स्टँडवर घ्या. चाक लोंबकळू द्या. आसापासून मडगार्डवरच्या एका खुणेपर्यंत सरळ वर मोजा. मग गाडी जमिनीवर उभी करून, तोल धरायला एक माणूस घेऊन, नेहमीच्या कपड्यांत बसा आणि दुसऱ्याकडून पुन्हा मोजून घ्या. दोन मापांतला फरक चाकाच्या एकूण चालीच्या पाव ते तृतीयांश असावा. कमी भरला तर कडी उतरवा, जास्त भरला तर चढवा, आणि दोन्ही बाजूंना पायरी एकच ठेवा. शेवटी चेन तपासा. पुढचे दातेरी चाक, फाट्याची खीळ आणि मागचा आस एका रेषेत आले की ती सर्वांत ताणलेली असते. तेव्हाही थोडी सैल हवी. मागे कोणी बसणार असेल तर कडी चढवावी, त्याला उतरवून आलात की परत खाली आणावी. अर्ध्या तासाचे काम!

2021 च्या केंद्रीय नियमांनी 50 वर्षांहून जुन्या आणि मूळ रूप राखलेल्या दुचाकीला विंटेजचा मान दिला. ठीक झाले. पण मूळ रूप म्हणजे नुसता मूळ रंग काय? कारखान्याने त्या कडीला पायऱ्या दिल्या, कारण माणसे निरनिराळ्या वजनांची असतात हे त्याला ठाऊक होते. प्रदर्शनातल्या परीक्षकांनी क्रोमची झळाळी खुशाल तपासावी; पण एकदा मालकाला सीटवर बसवून पट्टीही लावावी. त्या मापात नापास होणाऱ्या गाडीला बक्षीस देऊ नये, एवढेच माझे मागणे आहे.