घाटाखालचे घर आणि गावचा बंगला



'हप्ता' हा शब्द आपल्या कानाला गोड लागतो. हंगाम सुरू झाला की पहिला हप्ता कधी, किती, याचीच चर्चा पारावर चालते. आपल्याला हप्ता म्हणजे घरात येणारा पैसा. परंतु आपल्यापैकी अनेकांची मुले आज नोकरीनिमित्त घाटाखाली आहेत, आणि त्यांच्या घरात हाच शब्द उलट्या अर्थाने बोलला जातो. त्यांचा हप्ता म्हणजे महिन्याच्या पाच-सात तारखेला बँकेत जाणारा पैसा. बाप येणारा हप्ता मोजतो, मुलगा जाणारा मोजतो, आणि दोघे एकमेकांशी या विषयावर मोकळेपणाने बोलत नाहीत. या अंकात आम्ही त्यावर चार शब्द लिहीत आहोत.

उदाहरणासाठी धाटाव घेऊ. रोहे तालुक्यातील, रोहे-कोलाड रस्त्यावरचे हे गाव. जुन्या सभासदांना हा जिल्हा कुलाबा म्हणून ठाऊक असेल. १९८१ पासून तो रायगड झाला. येथे औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत आहे आणि रंग, रसायने, औषधी द्रव्ये तयार करणारे कारखाने आहेत. जवळून कुंडलिका वाहते. भिऱ्याच्या वीजगृहातून सुटणारे पाणी तिला मिळत असल्याने ती उन्हाळ्यातही आटत नाही. आयटीआय केलेली, डिप्लोमा केलेली, बी.एस्सी. केमिस्ट्री झालेली पोरे देशावरून ताम्हिणी उतरून इकडे येतात. सुरुवातीला चौघे मिळून एक खोली, खानावळीचा डबा. मग लग्न, मग भाड्याचे दोन खोल्यांचे घर, मग पाळणा.

या तरुण बापाचा दिवस कसा जातो हे आपण कधी विचारले आहे काय? पहिली पाळी असेल तर पहाटे पाचला उठणे. रात्रपाळी असेल तर सकाळी घरी येऊन झोपायचे, पण लेकरू दहा वाजता छातीवर येऊन बसते. सासू-सासरे गावाला, आई-वडील गावाला, शेजारीपण नवे. बायकोला ताप आला तर मुलीची अंघोळ, वेणी, डबा हे सारे त्यानेच करायचे. आपल्या पिढीतल्या बापाने मुलीची वेणी घातल्याचे फारसे ऐकिवात नाही. ही पोरे घालतात, आणि त्यात त्यांना कमीपणा वाटत नाही. ही गोष्ट कौतुकाची आहे, चेष्टेची नव्हे.

भाड्याच्या घराचा करार अकरा महिन्यांचा. अकरा महिने झाले की भाडे वाढवा, नाहीतर खोली बदला. खोली बदलली की गॅसचा पत्ता बदला, अंगणवाडी बदला. मुलगी तीन वर्षांची होईतो तीन घरे पाहते. तेव्हा हा तरुण रात्री बायकोशी बोलतो की आता आपले काहीतरी केले पाहिजे. आपल्या नावाचे वीजबिल, दारावर आपल्या नावाची पाटी, मुलीला भिंतीवर रेघोट्या ओढल्या तरी कोणी बोलणार नाही अशी भिंत. एवढीच त्याची मागणी असते.

आणि नेमके याच वेळी गावाकडून फोन जातो: "अरे, बंगल्याचा स्लॅब टाकायचा आहे, दोन लाख पाठव."

आमचे म्हणणे येथून सुरू होते. गावोगाव आपल्या सभासदांनी मोठमोठी घरे बांधली आहेत. ज्याचे कुटुंब तेथे नांदते त्याने जरूर बांधावे. परंतु ज्या घरात म्हातारा-म्हातारी दोघेच राहणार, वरच्या मजल्याला वर्षातून यात्रेपुरते कुलूप निघणार, ते घर मुलाच्या पगारातून कशासाठी? "भाऊबंदांनी बांधले, आपण मागे कसे राहायचे?" हे त्याचे खरे उत्तर असते. या ईर्षेपोटी मुलगा दोन घरांचे ओझे वाहतो. एक जेथे तो राहतो, आणि एक जेथे कोणीच राहत नाही. काही घरांत तर बंगल्यासाठी मुलाने नोकरीवर वैयक्तिक कर्ज काढले, आणि पुढे स्वतःच्या घराचे कर्ज मागायला गेला तेव्हा आधीच्या हप्त्यामुळे त्याला कमी रक्कम मिळाली. घर पाहावे बांधून म्हणतात ते खरे. पण एका पगारात दोन बांधून पाहू नयेत.

आता थोडा हिशोब. साखरेच्या उताऱ्याचा हिशोब आपण पॉइंटपर्यंत करतो, मग व्याजाचाही करू. समजा मुलाने २० लाख रुपये कर्ज ९ टक्के दराने २० वर्षांसाठी घेतले. महिन्याचा हप्ता सुमारे १७,९९५ रुपये येतो. यातील पहिल्या महिन्यात १५,००० रुपये व्याजात जातात आणि मुद्दल फिटते फक्त २,९९५ रुपये. वीस वर्षांत बँकेला एकूण सुमारे ४३ लाख १९ हजार द्यावे लागतात. हेच कर्ज १५ वर्षांत फेडायचे ठरविले तर हप्ता सुमारे २०,२८५ होतो, आणि एकूण रक्कम साडेछत्तीस लाखांच्या आसपास येते. महिन्याला तेवीसशे जादा भरले तर शेवटी साडेसहा लाखांहून अधिक वाचतात.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. बदलत्या व्याजदराचे गृहकर्ज वैयक्तिक कर्जदाराने मुदतीपूर्वी फेडले तर बँकेला त्यावर दंड लावता येत नाही. वरच्याच कर्जात पहिले वर्ष संपताना एक लाख रुपये जादा भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर शेवटचे सुमारे २७ हप्ते, म्हणजे सव्वादोन वर्षांचे हप्ते, कमी होतात. आज भरलेला एक लाख पुढे जवळजवळ पाच लाखांचे हप्ते टाळतो. बंगल्याच्या पोर्चवर घातलेला लाख असे काही करत नाही. तेव्हा ज्या बापाला मुलासाठी खरेच काही करायचे आहे त्याने अंतिम बिलातून जमेल ते मुलाच्या कर्जखात्यात भरावे. मात्र त्यासाठी जमीन विकू नये, आणि पीककर्ज काढून ते घरात घालू नये. पीककर्ज पिकासाठी आहे. ते थकले तर पुढच्या हंगामाला खत-बेण्याला कोण देणार?

मुलांनाही एक सांगणे आहे. बँक जेवढे कर्ज देऊ करते तेवढे घ्यायलाच पाहिजे असे नाही. ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये हे उसाच्या मुलखात जन्मलेल्याला आम्ही काय सांगावे! लहान मूल घरात असताना दवाखाना, दूध, पुढे शाळा हे खर्च ठरवून येत नाहीत. हप्ता भरून सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला राहील एवढेच कर्ज घ्यावे. शिवाय २०१९ च्या ऑक्टोबरपासून बँकांची बदलत्या दराची नवी गृहकर्जे बाहेरच्या दराशी, बहुधा रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराशी, जोडलेली असतात. तो दर वाढला की हप्ता तरी वाढतो किंवा मुदत तरी. (या रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख याच जिल्ह्यात, महाडजवळील नाते गावी जन्मले, हे जाता जाता सांगावेसे वाटते.)

कोकणात घर घेताना देशावरच्या माणसाने आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. आपल्याकडे वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडला तरी आपण समाधानी. रायगडात तीन हजारांच्या आसपास पडतो. यास्तव घर एप्रिलमध्ये पाहून पसंत करू नये, जुलैमध्ये पाहावे. भिंतीला ओल आहे काय, गच्चीवर पत्र्याची शेड आहे काय, रस्त्यावर पाणी किती चढते, हे शेजारणीला विचारावे. ती खरे सांगते. जागा नदीच्या निळ्या व लाल पूररेषेत येते काय हेही पाहावे. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मानतात.

कागदपत्रांची गोष्ट तितकीच मोठी. महारेरा १ मे २०१७ पासून लागू आहे. त्यातील कायद्याप्रमाणे नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, आणि ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो त्याने विनामोबदला दुरुस्त करून द्यायचा असतो. परंतु ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरील किंवा आठपर्यंत सदनिकांच्या लहान इमारतींना नोंदणीची सक्ती नाही, आणि तालुक्याच्या गावी अशाच इमारती पुष्कळ असतात. तेथे सातबारा, बिनशेती आदेश, मंजूर नकाशा आणि भोगवटा दाखला स्वतः डोळ्यांनी पाहावा, वकिलाला दाखवावा. "स्टँपपेपरवर लिहून देतो, पुढे नावावर करू" म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार करावा.

घर कोणाच्या नावे हाही प्रश्न आहे. १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन झाले आणि पुढे शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम दिला, तेव्हा अनेक शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन केली. त्यांच्या मुलांनी घर घेताना सुनेचे नाव वगळावे हे शोभत नाही. घर फक्त महिलेच्या नावे घेतले तर राज्यात १ एप्रिल २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. दोघांच्या नावे घेतले तर ती सवलत मिळत नाही, पण निदान नाव तरी राहते. रासायनिक कारखान्यात पाळीने काम करणाऱ्या माणसाच्या घरात बायकोचे नाव कागदावर असणे हा शहाणपणाचा भाग आहे. त्याच शहाणपणाने कर्जाएवढा मुदतीचा विमाही उतरवावा.

शेवटी सहकाराबद्दल. पुष्कळांना वाटते की सहकार म्हणजे साखर, दूध आणि सोसायटी. पण मुंबईत गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था १९१५ साली स्थापन झाली, आणि प्रवरेचा पहिला गळीत हंगाम झाला १९५०-५१ साली. म्हणजे घरांचा सहकार आपल्या साखरेच्या सहकाराहून पस्तीस वर्षांनी थोरला! धाटाव-रोह्याला आपला मुलगा ज्या इमारतीत राहतो तिची संस्था आणि आपला कारखाना १९६० च्या एकाच सहकारी कायद्याखाली नोंदले जातात. आपल्या ट्रंकेत कारखान्याचे शेअर सर्टिफिकेट जपून ठेवले आहे, तसेच एक त्याच्याही कपाटात असेल. संस्था नोंदली गेली काय, जमिनीचे अभिहस्तांतरण बिल्डरकडून संस्थेच्या नावे झाले काय, वार्षिक सभेला तो जातो काय, हे त्याला विचारा. सभेला न जाणाऱ्या सभासदाचे काय होते हे आपल्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक आहे?

बंधूंनो, गावचे घर मुलाचे आहेच. पण नात जेथे चालायला शिकली, शाळेत जाऊ लागली, तेही घर आपल्याच कुळाचे आहे. त्याला "पोराची खोली" म्हणू नका. हंगाम आटोपला, खोडव्याला पाणी दिले, की दोघांनी मिळून आठ दिवस तिकडे जाऊन राहा. पाहुण्यासारखे नको, घरच्यासारखे राहा. पोरगा रात्रपाळीवरून आला की नातीला बाहेर फिरवून आणा म्हणजे त्याला चार तास झोप मिळेल. आणि एखाद्या संध्याकाळी कर्जाचे पुस्तक मागून घ्या, चष्मा लावून बापलेक शेजारी बसा, आणि येणारा हप्ता व जाणारा हप्ता एकाच कागदावर मांडा. बंगल्याचा वरचा मजला बांधायचा की नाही हे तो कागदच सांगेल.