स्वस्त तिकिटाची महाग बेरीज

रत्नागिरीला प्रवासी विमान केव्हा सुरू होणार, हा प्रश्न आमच्याकडे चार माणसे जमली की हमखास निघतो. मिरजोळ्याच्या धावपट्टीवर तटरक्षक दलाची विमाने उतरतात, मग आपल्याला का नको? अपेक्षा रास्त आहे. पण स्वस्त तिकिटाचा हिशेब आधी मांडलेला बरा.

केंद्राची ‘उडान’ योजना २०१६ साली आली. सुमारे तासाभराच्या प्रवासाला २५०० रुपये, तेही विमानातल्या ठरावीक जागांनाच. उरलेली तूट अनुदानातून भरायची. त्यासाठी मोठ्या मार्गांवरच्या विमानफेऱ्यांवर उपकर बसला. अनुदानाचा पाचवा हिस्सा राज्याने उचलायचा. म्हणजे विमानात कधी पाऊल न ठेवलेल्या माणसाच्या करातूनही या तिकिटाचे काही पैसे जातात.

हे अनुदान तीन वर्षांचे. पुढे काय होते, ते शेजारच्या सिंधुदुर्गाने पाहिले. चिपी विमानतळाचे उद्‌घाटन ९ ऑक्टोबर २०२१ रोजी थाटात झाले. तीन वर्षे सरली आणि मुंबईचे ते विमान २०२४ मध्ये थांबले. हे एकट्या चिपीचे दुखणे नव्हे. ‘कॅग’च्या २०२३ च्या अहवालानुसार, तपासलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत. मुदतीनंतर टिकले अवघे ५४!

आता घरगुती खर्च. साध्या तिकिटावर पंधरा किलो सामान चालते. पाच डझन हापूसची पेटी एकटीच तेवढी भरते. कपडे, कोकम, फणसपोळी यांचे पैसे वेगळे. विमानतळापर्यंतची गाडी वेगळी. तारीख बदलली तर दंड वेगळा. गणपतीत तर भाडे आकाशाला भिडते. ऐन गरजेला ‘स्वस्त’ हा शब्द गायब!

विमानतळ नको, असे मी म्हणत नाही. आजारी माणसाला आणि नाशवंत मालाला वेळेची किंमत मोठी असते. मात्र २०११ पासून रुंदीकरणात अडकलेला मुंबई-गोवा महामार्ग आणि कोकण रेल्वेची प्रतीक्षायादी त्यामुळे विसरली जाऊ नये. पहिल्या विमानाच्या स्वागताला आपण हारतुरे घेऊन जाऊच. पण चौथ्या वर्षी ते उडणार का आणि किती रुपयांत, हे पुढाऱ्यांना आजच विचारलेले बरे.