तीस संगणक, एक वही

जुन्नर तालुक्यातील खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण तुमच्यापैकी अनेकांनी विज्ञान दिनाला पाहिली असेल. तिला प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत आणि त्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. त्यांच्याकडून येणाऱ्या संकेतांची जोडीजोडीने तुलना करून आकाशाचे चित्र तयार होते. ३० तबकड्यांच्या जोड्या किती? ३० गुणिले २९, भागिले २, म्हणजे ४३५. एका तबकडीची जुळणी बिघडली, तर एकदम २९ जोड्यांवर परिणाम होतो!

आता जुन्नर-आंबेगावातील एखाद्या शाळेच्या संगणक कक्षाचा विचार करा. तेथेही ३० संगणक आहेत आणि ते लिनक्स प्रणालीवर चालतात, असे समजा. पहिल्या दिवशी ते जुळ्या भावंडांसारखे असतात. मग एकावर कोणी नवी आज्ञावली घालतो, दुसऱ्यावरचा मराठी टंक नाहीसा होतो, तिसऱ्याचे घड्याळ मागे पडते. काही महिन्यांनी तुम्ही लिहिलेली आज्ञावली एका संगणकावर चालते आणि शेजारच्यावर अडते. चूक तुमची की यंत्राची, हे कसे ठरवणार? प्रयोगशाळेत प्रत्येक टेबलावरची मोजपट्टी निराळी असावी, तसाच हा प्रकार.

यावर उपाय म्हणून संरचना व्यवस्थापनाची साधने निघाली. भौतिकशास्त्राकडून संगणकाकडे वळलेल्या मार्क बर्जेस यांनी १९९३ मध्ये ऑस्लो येथे ‘सीएफइंजिन’ तयार केले. २००५ मध्ये ‘पपेट’ आणि २०१२ मध्ये ‘अ‍ॅन्सिबल’ आले. या सर्वांमागचे मुख्य तत्त्व एकच आहे : कृती सांगण्यापेक्षा हवी ती स्थिती सांगावी. ‘टाकीत दोन बादल्या पाणी ओता’ असे दहादा सांगितले, तर टाकी वाहू लागेल. ‘पाणी या रेषेपर्यंत असू द्या’ असे कितीही वेळा सांगा, काही बिघडणार नाही.

मग निवड कशी करावी? पपेटच्या नेहमीच्या पद्धतीत प्रत्येक संगणकावर एक मदतनीस आज्ञावली बसवतात. ती एरवी दर ३० मिनिटांनी मध्यवर्ती संगणकाला विचारते, ‘मी कसा असायला हवा?’ अ‍ॅन्सिबलमध्ये असा मदतनीस नसतो. आपण आज्ञा दिली, की एक संगणक जाळ्यातून इतरांपर्यंत पोहोचून त्यांना ठीकठाक करतो.

शेकडो यंत्रे रात्रंदिवस चालू असतील, तर पपेटची जागरूकता मोलाची ठरते. शाळेसाठी मात्र अ‍ॅन्सिबल बरे, असे माझे मत आहे. त्याला सतत चालू राहणारा मध्यवर्ती संगणक लागत नाही. वीज गेल्यामुळे चार यंत्रे राहून गेली, तर तीच आज्ञा पुन्हा द्यावी. जी आधीच ठीक आहेत त्यांना धक्का लागत नाही. शिवाय त्याची लेखी यादी थोड्या सरावाने कोणालाही वाचता येते. शिक्षकांची बदली होते. कक्षाची सारी माहिती एकाच्याच डोक्यात असेल, तर ती त्यांच्याबरोबर निघून जाते. म्हणून साधन निवडताना ‘यात काय काय करता येते?’ याआधी ‘आपल्यानंतर येणाऱ्याला हे वाचता येईल का?’ हे विचारावे.

एक धोका मात्र ध्यानात ठेवा. हाताने केलेली चूक एक संगणक बिघडवते. यादीतली चूक तीसही बिघडवू शकते. म्हणून प्रत्येक बदल आधी एकाच संगणकावर करून पाहावा.

या आठवड्यात एवढे करा. शाळेतील कोणतेही दोन संगणक घ्या. त्यांवरील आज्ञावली, टंक आणि घड्याळाची वेळ वहीत समोरासमोर लिहा. फरक किती निघतात, ते मोजा. साधन कोणतेही निवडा, त्याची सुरुवात याच वहीपासून होते.