डब्यांचा जीर्णोद्धार

'जीर्णोद्धार' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कोरीव दगडावर फासलेला ऑइलपेंट आणि सभामंडपातल्या चकचकीत फरशा उभ्या राहतात. जुने टिकवणे म्हणजे जुने झाकणे, अशी आपली समजूत झालेली दिसते. म्हणूनच इंग्लंडच्या दक्षिणेकडील आइल ऑफ वाइट बेटावर, हॅवनस्ट्रीटच्या कार्यशाळेत स्वयंसेवकांनी केलेले काम आम्हांला महत्त्वाचे वाटते.

या बेटावरच्या रेल्वेला डबे मिळत ते बहुधा मुख्य भूमीवर वापरून झालेले. तेही निकामी झाले की चाके काढून वरची लाकडी पेटी विकली जाई. कुणी तिचे घर करी, कुणी परसातली कोठी. ३१ डिसेंबर १९६६ रोजी बेटावरची वाफेची वाहतूक थांबली; त्याच वर्षी स्थापन झालेली हौशी मंडळींची संस्था १९७१ मध्ये हॅवनस्ट्रीटला आली. पुढे अशा कित्येक पेट्या परसांतून उचलून आणण्यात आल्या. भोवती उभारलेल्या भिंती-छपरांमुळे लाकूड पावसापासून बचावले होते. चाकांचा मूळ सांगाडा मात्र नव्हता. तेव्हा सदर्न रेल्वेच्या जुन्या पार्सल व्हॅनचे सांगाडे हव्या त्या लांबीला कापून त्यांवर या पेट्या बसवल्या गेल्या.

मग हा डबा अस्सल म्हणावा काय? सांगाडा परका, कुजलेल्या जागी लाकूड नवे, छपराचे कापडही नवे. काचेआड ठेवलेला डबा अधिक प्रामाणिक, असे शुद्धतावादी म्हणतील. त्यांचे म्हणणे अगदीच पोकळ नाही. धावणारा डबा झिजतो, आणि प्रत्येक दुरुस्तीत मूळ वस्तूचा थोडा अंश जातो.

तरीही आमचा कौल कार्यशाळेच्या बाजूने आहे. लाकडाचा सांधा कसा जुळवावा, व्हार्निशचे थर कसे चढवावेत, हे ज्ञान काचेच्या कपाटात राहत नाही. ते हातात राहते आणि हातानेच पुढे द्यावे लागते. रंगाचा एकेक थर खरवडून खालची जुनी अक्षरे शोधण्याचा वेळ तासांच्या मजुरीत क्वचितच बसतो. तो हौसेलाच परवडतो.

अट एकच: काय जुने, काय नवे, याची नोंद हवी. आपल्याकडे जीर्णोद्धारानंतर देणगीदारांची नावे संगमरवरावर कोरली जातात. काय काढून टाकले, हे कुठल्या पाटीवर लिहिलेले असते?