उरलेली भाजी आधी घरच्या डब्यात, मग दुकानात

परसबागेच्या व्हिडिओनंतर सगळ्यात जास्त आलेला प्रश्न हा: "सर, टमाटर, वांगी खूप निघतात. वाळवून पाकिटं विकू का? किती सुटतील?"

माझं उत्तर बऱ्याच जणांना आवडत नाही. वाळवा, नक्की वाळवा. पण पहिल्या वर्षी विकू नका.

आपल्या जिल्ह्यातलं वर्ष कसं जातं ते आठवा. माघ-फाल्गुनात परसबाग ओसंडते. दारव्हा, दिग्रस, पुसद, कुठल्याही बाजारात बसा, टमाटर पाच रुपये किलोनंही लोक नाक मुरडून घेतात. आणि जूनमध्ये? कपाशीचा पैसा संपलेला, बियाणं-खत घ्यायचं, आणि नेमकी तेव्हाच भाजी महाग. जुलै २०२३ मध्ये टमाटर शंभरीच्या वर गेले होते, विसरला नसाल.

आता हिशेब मांडू. भाव उदाहरणादाखल घेतलेत, तुमच्या गावचे टाकून बघा.

टमाटरात जवळपास ९४-९५ टक्के पाणी. म्हणजे २० किलो वाळवले की हाती साधारण एक किलो येतं. ताजे विकले असते तर शंभर रुपये, त्यातून ऑटोचं भाडं गेलं.

हेच वाळवलेलं विकायचं ठरवलं तर ५० ग्रॅमची २० पाकिटं होतात. ३० रुपयांनी ६०० आले. त्यातून दुकानदाराचे २० टक्के म्हणजे १२०, पाकीट-लेबलचे ८०, टमाटरचे १००. उरले ३००. त्यात दोन बायांची अर्ध्या दिवसाची चिराचिरी आणि चार दिवसांची राखण. शिवाय सगळी पाकिटं खपली तर! मी स्वतः दुकानात बसतो, नव्या मालाची पाकिटं किती दिवस लटकून राहतात ते रोज बघतो.

आता घरी वापरा. एका वेळच्या वरणा-भाजीला २० ग्रॅम पुरतं, म्हणजे ५० वेळा. प्रत्येक वेळी पावभर ताजे टमाटर वाचले असं धरलं, तर साडेबारा किलो. ६० रुपये भावानं ७५० रुपये. ना लेबल, ना उधारी, ना कोणाच्या पाया पडणं. बीबीएच्या पुस्तकात याला मोठं इंग्रजी नाव आहे. घरात त्याला 'बाजाराचा खर्च वाचला' म्हणतात. मात्र तो पैसा हातात दिसत नाही, म्हणून घरातल्या बाईच्या या कामाला कोणी कमाई म्हणत नाही. मला राग येतो तो याचाच.

वाळवण्यात अवघड काही नाही. आपल्या आज्या वांग्याच्या, टमाटरच्या खुला करतच होत्या. पातळ काप करा, वांग्याचे काप हळद-मिठाच्या पाण्यातून काढा, वरून पातळ सुती कापड टाका. मेथी सावलीत वाळवा, हिरवी राहते. काप वाकता कामा नये, कडकन तुटला पाहिजे. मग काचेच्या बरणीत आठवडाभर ठेवून रोज बघा. आतून वाफ धरली तर पुन्हा उन्हात. बुरशी दिसली तर वरवरची काढून खाऊ नका, सगळंच फेका. बरणीवर तारीख लिहा.

जे वाळवायचं नाही, दोन-चार दिवस ताजंच ठेवायचं आहे, त्यासाठी विटांचा शीतकक्ष करा. विटांच्या दोन भिंती, मध्ये चार बोटं वाळू, वर ओलं पोतं, सकाळ-संध्याकाळ पाणी. वीज नको. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेनं हा प्रकार १९८०च्या दशकात पुढे आणला. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात तो मस्त चालतो. पावसाळ्यात हवाच ओली असते, तेव्हा त्याचा फारसा उपयोग नाही.

आणि ड्रायर? "सर, अनुदान आहे ना!" २०२० मध्ये सुरू झालेल्या पीएमएफएमई योजनेत प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदानाची तरतूद केली गेली. पण ते कर्जाला जोडलेलं असतं बाप्पा! यंत्र घरात आलं की हप्ता दर महिन्याला, टमाटर मात्र तीनच महिने. मे महिन्यात यवतमाळचं ऊन फुकट मिळतं, आधी ते तरी पूर्ण वापरा.

एक वर्ष वहीत लिहा: किती वाळवलं, किती खाल्लं, काय खराब झालं, पाहुण्यांनी काय मागून नेलं. हा शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. माझा अंदाज, त्यात टमाटर नसतील. वाळवलेली हरभऱ्याची भाजी असेल, अंबाडी असेल. पुण्यात राहणाऱ्या आपल्या पोरांना तिथं सहज न मिळणारी. त्या रकान्यात एकच नाव चार-पाचदा आलं, तर त्या एका मालाची वीस पाकिटं करा, अन्न परवान्याच्या नोंदणीचं बघा आणि मग मला कमेंटमध्ये तो रकाना पाठवा. भाव आपण मिळून काढू.