गरिबीच्या वहीतलं नाव

लग्नाची बोलणी निघाली, की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, "घराणं कोणतं?" मग कुणी वतनाचे जुने कागद बाहेर काढतं, कुणी त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या चोपड्यांचा हवाला देतं. पण ज्यांच्यापाशी वतन नव्हतं, तीर्थयात्रेपुरते पैसेही नव्हते, त्यांचे पूर्वज शोधायचे कुठे?

इंग्लंडमध्ये याचं उत्तर बरेचदा वर्कहाऊसच्या दप्तरात सापडतं. वर्कहाऊस म्हणजे निराधारांना कामाच्या मोबदल्यात अन्न आणि छप्पर देणारी सरकारी संस्था. १८३४च्या कायद्यानंतर अनेक गावांनी मिळून एक वर्कहाऊस चालवायचं, अशी पद्धत रुळली. तिथलं जिणं मुद्दामच कठोर ठेवलेलं होतं, म्हणजे अगदी नाइलाज झाल्याशिवाय कुणी दार ठोठावू नये! आत शिरताच नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे आणि मुलं तिसरीकडे. १९३० साली ही व्यवस्था अधिकृतपणे संपली, पण तिची लाज घराघरांत पुढेही मुरून राहिली.

१८९६च्या मे महिन्यात लंडनच्या लॅम्बेथ वर्कहाऊसमध्ये एक आई दोन मुलांना घेऊन दाखल झाली. धाकटा सात वर्षांचा होता. त्याचं नाव चार्ली चॅप्लिन. पुढे साऱ्या जगाला हसवणाऱ्या या माणसानं १९६४ सालच्या आत्मचरित्रात ते दिवस मोकळेपणानं सांगितले. १९७५ मध्ये तो 'सर' झाला, तरी वर्कहाऊसच्या वहीतलं त्याचं नाव काही पुसलं गेलं नाही. ते पुसायचं कारणही नव्हतं.

या दप्तरात काय काय मिळतं? दाखल-रवानगीच्या रजिस्टरात नाव, वय, धंदा आणि येण्याचं कारण असतं. धर्माच्या नोंदवहीत पुष्कळदा जवळच्या नातेवाइकाचा पत्ताही सापडतो. १८३४ पूर्वीच्या काळासाठी गावोगावच्या चर्चची कागदपत्रं पाहावीत. मदत मागणारा माणूस मूळचा कोणत्या गावचा, हे ठरवायला न्यायाधीशांसमोर त्याची जबानी होई. जन्म कुठला, उमेदवारी कुणाकडे केली, लग्न कधी झालं, हे सारं त्यात येई. श्रीमंताच्या मृत्युपत्रातही इतकं आयुष्य क्वचितच सापडेल!

मात्र वाचताना सावध राहायला हवं. कारकून कानाला ऐकू येईल तसं नाव लिही. वय अंदाजानं सांगितलेलं असे. १९०४ पासून वर्कहाऊसमध्ये जन्मलेल्या बाळाच्या दाखल्यावर संस्थेचं नाव न घालता साधा रस्त्याचा पत्ता द्यावा, अशी सूचना निघाली होती. त्यामुळे दाखल्यावरचं 'घर' खरोखर घरच होतं का, हे जुन्या नकाशावर ताडून पाहावं. एका वहीवर विसंबू नये. जनगणना आणि जन्ममृत्यूच्या नोंदींशी ती जुळवून घ्यावी.

असाच एक धागा आपल्यापर्यंतही येतो. त्याच १८३४ साली मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेण्याची पद्धत सुरू झाली. पुढे मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातली मराठी माणसंही होती. मजुराचं नाव, बापाचं नाव, वय, गाव, जहाज अशा नोंदी तिथल्या मोका गावच्या महात्मा गांधी संस्थेत जपलेल्या आहेत. काहींचे तर फोटोही आहेत. सरकारनं ही वही मजुरांवर नजर ठेवायला लिहिली; आज त्यांची पणतवंडं तिच्यातच आपलं गाव शोधतात.

तेव्हा तुमच्या घरातल्या आजी-आजोबांना एकदा निवांत विचारा. कोण गिरणीत आलं, कोण दुष्काळात गाव सोडून निघालं, कोण परक्याच्या दारी वाढलं, हे वर्षासकट लिहून ठेवा. ती गोष्ट कमीपणाची मानू नका. त्या माणसानं हात पसरला, काम केलं, पोरं जगवली, म्हणून तर आज आपण आहोत. घराणं याहून वेगळं काय असतं?